वणवा, उष्मा आणि वाङ्मय

सरकारी अहवाल हा वाङ्मयाचा एक प्रकार मानावा कीं नाहीं, ह्या प्रश्नाकडे आमच्या टीकाकारांनीं फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. अहवाल म्हटला कीं तक्ते, परिशिष्टें, कलमें व पोटकलमें, आणि जी कोणाच्याच घरांत बोलली जात नाहीं अशी एक भाषा, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. ही समजूत बहुतांशीं खरी आहे. परंतु एखादी कृति वाङ्मय आहे कीं नाहीं याचा निर्णय तिच्या मुखपृष्ठावरून न करतां आंतील मजकुरावरून करावयाचा असेल, तर निदान एका अहवालाचा तरी अपवाद केला पाहिजे, असें आमचें मत आहे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत जानेवारी १९३९ मध्यें जे भयंकर वणवे लागले, त्यांची चौकशी करून न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनीं त्याच वर्षीं सादर केलेला हा अहवाल होय. अलीकडे अनेक देशांत दिवसेंदिवस न हटणारी उष्णतेची लाट आणि तिच्या मागोमाग येणारे वणवे यांच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. अशा वेळीं ह्या विषयावर चांगलें कसें लिहावें, आणि चांगल्या लिहिण्याच्याही दृष्टींतून काय निसटतें, हें पाहण्यास हा अहवाल फार उपयोगी आहे.

आमच्या परंपरेंत ग्रीष्माचीं आणि वणव्याचीं वर्णनें थोडीं नाहींत. कालिदासाच्या नांवावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्मापासून होतो. त्यांत उन्हानें पोळलेला साप मोराच्या पिसाऱ्याखालीं येऊन पडतो, बेडूक सापाच्या फणेच्या सावलींत बसतो, आणि जन्माचें वैर तापापुढें गळून जातें. पुढें त्याच सर्गांत वणवाही पेटतो. निरीक्षण सूक्ष्म आहे, शब्दकळा अपूर्व आहे. परंतु ह्या सर्गांतील माणसें पाहावीं तर चंदनाची उटी, कारंजीं आणि चांदण्या रात्री यांच्या आश्रयानें उन्हाळा सुखाचा करून घेणारीं. उन्हाचा सारा जाच पशुपक्ष्यांच्या वांट्यास आला आहे. महाभारतांतील खांडवदाह याहून दारुण आहे. तेथें अग्नीस वन भक्षण करावयाचें आहे, आणि कृष्णार्जुन पळत्या जीवांना पुन्हां ज्वाळांत लोटीत आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जीव त्यांतून वांचतात. इरावती कर्वे यांनीं ‘युगान्त’ मध्यें ह्या संहाराचा नैतिक जाब विचारला आहे. मूळ कथेचा ओघ मात्र वीरांच्या पराक्रमाकडे आहे. एके ठिकाणीं आग हें सौंदर्याचें निमित्त, दुसऱ्या ठिकाणीं देवाची भूक. आग कोणीं लाविली आणि कोण कां मेलें, हा साधा प्रश्न दोन्ही ठिकाणीं गौण ठरतो.

स्ट्रेटन यांचा अहवाल ह्याच साध्या प्रश्नापासून सुरू होतो. प्रथम प्रसंग कोणता होता तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागांत ‘माउंटन ॲश’ नांवाचे युकॅलिप्टसचे वृक्ष आहेत. सपुष्प वनस्पतींत ते जगांतील सर्वांत उंच गणले जातात. त्यांची साल लांब पट्ट्यांनीं लोंबते, आणि पेटली म्हणजे वाऱ्यावर स्वार होऊन मूळ आगीच्या कित्येक मैल पुढें जाऊन पडते. ह्या जंगलांत आंतवर लांकूड कापण्याच्या गिरण्या होत्या व कामगार आपल्या बायकामुलांसह तेथेंच राहत. अवर्षणानें रान आधींच वाळलें होतें. ८ जानेवारीस मेलबर्न येथें पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेला, १० तारखेस ४४.७ वर, आणि शुक्रवारीं, १३ तारखेस, ४५.६ वर. त्या दिवशीं उत्तरेच्या रखरखीत अंतर्भागाकडून सोसाट्याचा वारा सुटला आणि ठिकठिकाणीं धुमसत असलेल्या आगी एक झाल्या. ७१ माणसें मेलीं, ६९ गिरण्या जळाल्या, आणि सुमारें २० लाख हेक्टर मुलूख होरपळला. लोकांनीं त्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ असें नांव दिलें.

अशा प्रसंगाचें वर्णन करतांना सामान्य लेखक ज्वाळांपासून आरंभ करील. स्ट्रेटन जमिनीपासून आरंभ करतात. आटलेले झरे, ठिसूळ झालेला पाला, आणि रानांत जन्म घालविलेल्या माणसांच्या मनांत साठत चाललेली धास्ती, हें सर्व आधीं येतें. आग मागाहून येते. त्यांतही त्यांनीं एक फार मार्मिक गोष्ट टिपली आहे. ह्या जुन्याजाणत्या माणसांस संकट जवळ आल्याचें कळत होतें, पण तें केवढें असेल याचा अंदाज त्यांच्या उभ्या आयुष्याच्या अनुभवावरून बांधतां येण्यासारखा नव्हता. अनुभव हा आमचा सर्वांत विश्वासू गुरु. तोच जेथें अपुरा पडतो तेथें शोकांतिका सुरू होते, हें ग्रीक नाटककारांस ठाऊक होतें, आणि ह्या न्यायाधीशासही तें ठाऊक असावें.

दुसरा गुण तपशिलाचा. भर दुपारीं इतका काळोख पडला कीं माणसें कंदील हातांत घेऊन आपलें चंबूगबाळें हलवीत होतीं. पोलादी तुळया तारेसारख्या वांकल्या. जमिनींत पुरलेले लांकडी स्लीपरसुद्धां जळून गेले. ह्यांत एकही उत्प्रेक्षा अशी नाहीं कीं जी केवळ शोभेसाठीं आणली आहे. जमिनीशीं सपाट बसविलेला स्लीपर जळाला, एवढें कळलें म्हणजे तेथें उभ्या असलेल्या माणसाचें काय झालें असेल हें वाचकास वेगळें सांगावें लागत नाहीं. करुणरसाच्या नांवाखालीं आमच्याकडे जें अश्रूंचें पाणी वाहविलें जातें, त्याच्याशीं हें गद्य ताडून पाहावें, म्हणजे संयम हा रसाचा शत्रु नसून त्याचा आधार आहे हें पटेल.

तिसरा आणि आमच्या मतें सर्वांत मोठा गुण न्यायबुद्धीचा. ह्या आगी माणसांच्याच हातांनीं लागल्या, असा निष्कर्ष त्यांनीं स्पष्ट शब्दांत नोंदविला. कोणी शेतकऱ्यानें रान साफ करण्यासाठीं काडी ओढली, कोणी गुरें चारणाऱ्यानें नव्या गवतासाठीं. कोणी शिकारी, कोणी प्रवासी, कोणी गिरणीवाला. सरकारी खात्यांनाही त्यांनीं सोडलें नाहीं. अधिकारी एकमेकांशीं भांडत बसले, आणि गिरण्यांच्या वस्तींतून पळून जाण्यास दुसरा रस्ता नाहीं याची फिकीर करणारा कोणी उरला नाहीं. आसऱ्यासाठीं जमिनींत खणलेल्या खंदकांनीं कांहीं ठिकाणीं प्राण वांचविले. जेथें ते नव्हते किंवा धड बांधलेले नव्हते, तेथें काय झालें हेंही अहवालांत आहे. साक्षीदारांपैकीं अनेक जण खरें बोलण्यास कचरत होते, कारण उद्यां पोट भरावयाचें तें त्याच मालकाच्या नाहीं तर त्याच खात्याच्या हाताखालीं. हें ओळखून प्रत्येकाचें बोलणें तोलून घेणें हें न्यायाधीशाचें काम. आणि थोर कादंबरीकार तरी याहून निराळें काय करीत असतो?

अहवालाची प्रस्तावना पुढें तेथील शाळांत इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून शिकविली जाऊं लागली, यांत नवल नाहीं. उलट नवल याचें कीं, ज्यांच्यासाठीं ती लिहिली त्यांनीं ती सावकाश वाचली. ग्रामीण भागासाठीं आग विझविण्याची एकच जबाबदार संस्था असावी, ही सूचना अमलांत येण्यास १९४४ चे वणवे आणि स्ट्रेटन यांचीच दुसरी चौकशी, इतकें सारें व्हावें लागलें.

आतां दोष. कोठें कोठें भाषेस बायबलाचा घाट येतो आणि वाक्य जरूरीपेक्षां भारदस्त होतें. पण तो दोष किरकोळ आहे. खरी उणीव दुसरीच आहे, आणि ती त्या एका अहवालाची नसून ह्या विषयावरील बहुतेक सर्व लेखनाची आहे. ती समजण्यास सत्तर वर्षें पुढें आलें पाहिजे.

१९६० नंतरच्या दशकांत ॲलन मॅकार्थर ह्या वनशास्त्रज्ञानें उष्णता, हवेंतील ओलावा, वारा व अवर्षण यांवरून वणव्याचा धोका मोजण्याचें एक कोष्टक बसविलें. त्यांत १०० हा आंकडा १९३९ च्या काळ्या शुक्रवारच्या हवामानावरून ठरविला होता. म्हणजे ती शुक्रवारची दुपार ही संकटाची परमावधि मानली गेली. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं, शनिवारीं, मेलबर्न येथें ४६.४ अंश उष्णता झाली, आणि धोक्याचा आंकडा कित्येक ठिकाणीं शंभराच्या पुष्कळ वर गेला. फूटपट्टीच अपुरी पडली. जुन्या रानकऱ्यांचा अनुभव जसा १९३९ मध्यें अपुरा पडला, तसेंच शास्त्रज्ञांचें माप २००९ मध्यें. त्या एका दिवशीं लागलेल्या वणव्यांत १७३ माणसें मेलीं व दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. पुन्हां रॉयल कमिशन बसलें, साक्षी झाल्या, आणि मृत्यु पावलेल्या प्रत्येकाची हकीकत शोधण्यांत आली. हें योग्यच झालें.

परंतु त्या शनिवारच्या आधींच्या आठवड्यांत काय झालें? २८, २९ व ३० जानेवारी असे ओळीनें तीन दिवस मेलबर्नची उष्णता ४३ अंशांच्या वर होती. रात्रीही पुरेसा गारवा येत नव्हता, आणि दिवसभर तापलेल्या शरीरास सांवरण्यास अवधि मिळत नव्हता. २६ जानेवारीपासूनच्या त्या आठवड्यांत राज्यांत एरवीं सुमारें ६०६ मृत्यु व्हावयाचे, ते ९८० झाले, असें तेथील आरोग्याधिकाऱ्यांच्या पाहणींत आढळलें. ३७४ माणसें अधिक मेलीं. त्यांत पंचाहत्तरी उलटलेल्यांचा भरणा मोठा. वणव्यानें जितके मारले त्यांच्या दुपटीहून जास्त उन्हानें मारले. पाला वाळवून वणव्याची तयारी करणारा उष्मा आणि म्हाताऱ्यांचे प्राण घेणारा उष्मा एकच. तरी ह्या ३७४ जणांसाठीं रॉयल कमिशन बसलें नाहीं, आणि त्या आठवड्याला कोणीं ‘काळा’ म्हटलें नाहीं. ह्यानंतरही असेंच घडलें. २०१९-२० च्या उन्हाळ्यांतील ऑस्ट्रेलियाच्या वणव्यांत ३३ जण मेले, आणि त्यांच्या धुरानें अदमासें ४१७ जण अधिक मेले, असा संशोधकांचा हिशेब आहे. ज्वाळांचीं छायाचित्रें जगभर छापली गेलीं. धुरानें मेलेल्यांचें छायाचित्र कसें घेणार?

ह्या विषमतेचें कारण वाङ्मयाच्या स्वभावांत आहे, असें आम्हांस वाटतें. वणव्याला आरंभ, मध्य व शेवट असतो. त्याला रंग आहे, आवाज आहे, धांव आहे. त्यांत पळणारा, वांचविणारा आणि काडी लावणारा, असे सारे पात्रधारी तयार असतात. उष्म्याला यांतलें कांहींच नाहीं. बंद खोलींत एक वृद्ध बाई दुपारीं पडते ती उठत नाहीं. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असें लिहिलें जातें. आणि उन्हाचें नांव निघतें तें केवळ वर्षाअखेर बेरजेंत. आमच्या भाषेकडेच पाहावें. ‘वणवा’ हा शब्द आम्हीं भुकेला लाविला, विरहाला लाविला, क्रांतीलाही लाविला. ‘ऊन फार आहे’ हें वाक्य मात्र शिळोप्याच्या गप्पांपुढें गेलें नाहीं.

ही गोष्ट वाङ्मयास मुळींच साध्य नाहीं, असें मात्र नव्हे. जुलै १९९५ मध्यें शिकागो शहरांत उष्णतेच्या लाटेनें सातशेंहून अधिक माणसें मेलीं. एरिक क्लिनेनबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञानें त्या मृत्यूंवर २००२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें स्ट्रेटन यांचाच प्रश्न उन्हास विचारला : कोण मेलें, आणि कां? उत्तर व दक्षिण लॉनडेल ह्या दोन शेजारशेजारच्या वस्त्या. दोहोंतही गरीब व एकटे राहणारे वृद्ध होते. तरी पहिलींत मृत्यु पुष्कळ, दुसरींत थोडे. पहिलींतील दुकानें उठून गेलीं होतीं, रस्ते ओस होते, आणि म्हातारीं माणसें भीतीनें दारें लावून आंत बसत. दुसरींत रस्ता गजबजलेला होता. माणूस सहज बाहेर पडे, दुकानांत जाऊन टेके, आणि दिसला नाहीं तर त्याची चौकशी होई. इकडे शहराचे महापौर मृतांच्या आंकड्याबद्दलच शंका काढीत होते. उष्म्यानें माणसें मारलीं खरीं, पण कोणाला मारावयाचें तें शेजार असण्यानसण्यानें ठरविलें, हा त्या ग्रंथाचा निष्कर्ष. ललितलेखकांनीं जें टाळलें तें एका समाजशास्त्रज्ञानें करून दाखविलें.

तात्पर्य, स्ट्रेटन यांचें गद्य आम्ही श्रेष्ठ मानतों तें त्यांतील आगीच्या वर्णनासाठीं नव्हे. आपत्तीला देवाची करणी म्हणून सोडून न देतां तिच्यांतला माणसाचा हात शोधणें, मृतांची नेमकी मोजदाद ठेवणें, आणि हें करतांना आवाज न चढविणें, ही त्यांची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. ह्या प्रस्तावनेचें मराठी भाषांतर कोणीं तरी करावें, आणि महाविद्यालयांत गद्य शिकविणारांनीं ती विद्यार्थ्यांपुढें ठेवावी, अशी आमची शिफारस आहे. आणि जे तरुण लेखक उन्हाळ्यावर लिहूं इच्छितात त्यांनीं पळसाच्या फुलांपाशीं न थांबतां, पत्र्याच्या छपराखालील त्या खोलींत डोकावावें, जिचें दार तीन दिवस कोणीं वाजविलेलें नाहीं. तेथें ज्वाळा दिसणार नाहींत. परंतु विचारावयाचा प्रश्न तोच आहे.