गाझी मझहरुल अन्वर यांचीं गीतें व कर्तृत्वनिर्णय

जुन्या बाडांतील पदांचा कर्ता ठरवितांना मुद्रा हें पहिलें साधन होय. आपल्याकडील 'तुका म्हणे' काय किंवा वंगदेशांतील लालन फकीर (मृत्यु १८९०) यांची भणिता काय, कवि शेवटीं आपलें नांव गोंवून ठेवितो. मुद्रेच्या आश्रयानें प्रक्षेपही शिरतात हें खरें. तथापि शोधकास निदान एक धागा मिळतो. नभोवाणी व चित्रपट यांच्या गीतांत हा धागाच नसतो. बांगलादेशाचे गीतकार गाझी मझहरुल अन्वर यांच्या रचनेचा विचार करूं लागतांच ही अडचण पुढें येते.

यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९४३ रोजीं कुमिल्ला जिल्ह्यांत झाला. १९६४ पासून ते ढाका येथें रेडिओ पाकिस्तानसाठीं गीतें लिहूं लागले. पुढें चित्रपटगीतें, दिग्दर्शन व निर्मिति यांतही त्यांनीं नांव मिळविलें. त्यांस २००२ मध्यें एकुशे पदक व २०२१ मध्यें स्वाधीनता पुरस्कार मिळाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं ते निवर्तले.

त्यांच्याविषयीं लिहिणारे बहुधा 'वीस हजारांहून अधिक गीतें' असा आंकडा देतात. १९६४ ते २०२२ हीं ५८ वर्षें हिशेबांत धरलीं तरी सालीना सुमारें ३४५, म्हणजे जवळजवळ रोज एक गीत पडतें. हें अशक्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आंकडा ही स्तुति झाली, प्रमाण नव्हे. प्रत्येक गीतास हस्तलेख, ध्वनिमुद्रिका किंवा प्रक्षेपणाची नोंद जोडली गेली म्हणजेच तो ग्राह्य होईल.

खरें पाहतां या कवीची थोरवी संख्येवर अवलंबून नाहीं. 'जय बांग्ला, बांग्लार जय' हें त्यांचें गीत १९७१ च्या मुक्तियुद्धांत स्वाधीन बांग्ला बेतार केंद्राचें सूचक-गीत होतें. लोकांच्या मुखीं असलेली घोषणाच त्यांनीं ध्रुवपदीं बसविली, यांत त्यांचें मर्म दिसतें. २००६ मध्यें बीबीसीच्या बांगला विभागानें श्रोत्यांकडून वीस श्रेष्ठ गीतें निवडविलीं, त्यांत यांचीं तीन आलीं. तिन्हींस चाल अन्वर परवेझ यांची आहे. मात्र श्रोता चाल व गळा लक्षांत ठेवितो, लेखणीचें नांव विसरतो.

यास्तव वह्या, मुद्रिकांचीं वेष्टनें व चित्रपटांच्या गीतपुस्तिका यांचा संग्रह आतांच व्हावा व त्यावरून सटीप सूची तयार व्हावी, असें आमचें मत आहे. सूचींत दोन हजार गीतें निश्चित ठरलीं, तरी अनिश्चित वीस हजारांपेक्षां तीं कवीचा अधिक गौरव करतील.