विहाराच्या भिंतीवरील टाइल्स : विनयाची कसोटी

वाशीम जिल्ह्यात उपासकांच्या वर्गणीतून उभे राहणारे विहार आता टाइल्सनी सजू लागले आहेत. टाइल्स धुता येतात, वारंवार रंग देण्याचा खर्च वाचवितात. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांवर कोणते चित्र असावे व ते कोठे लावावे, हा.

या कलेला बौद्ध परंपरेत भक्कम आधार आहे. कोरियातील पेकचे राज्यातून 588 मध्ये कौले घडविणारे कारागीर जपानमध्ये आले, ते असुका-देरा या विहाराच्या उभारणीसाठी. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ‘सेनबुत्सु’ घडू लागले. साच्यातून काढून भाजलेले, बुद्धमूर्ती उठावात असलेले हे मातीचे फलक सोन्याचा वर्ख चढवून वंदनागृहाच्या आतील भिंतींवर बसवीत. फलक साच्यातले होते. परंतु त्यांची जागा वंदनेची होती.

विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या दरम्यान, जपानी कारखान्यांनी रंगीत मॅजोलिका टाइल्स भारतात पाठविल्या. त्यांपैकी अनेकींवर हिंदू देवदेवता होत्या, कारण येथील गिऱ्हाइकाची मागणी तशी होती. कारखाना मागणीप्रमाणे चित्र देतो. निवडीची जबाबदारी घेणाऱ्याचीच.

ही निवड कशी करावी, याचे मार्गदर्शन विनयपिटकात आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात स्त्री-पुरुषांच्या आकृतींचे ‘पटिभानचित्त’ निषिद्ध असून ‘मालाकम्म’ व ‘लताकम्म’, म्हणजे फुलांची व वेलींची नक्षी, अनुज्ञात आहे. समन्तपासादिका ही अट्ठकथा जातककथांच्या चित्रांनाही वाव देते. पाचव्या शतकात वत्सगुल्माच्या, म्हणजे आपल्या वाशीमच्या, वाकाटक शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले. तेथील चित्रे आजही पाहणाऱ्याच्या मनात प्रसाद आणि संवेग जागवितात.

या कसोटीवर आपल्या भिंती तपासाव्यात. धबधब्यांची बाजारू चित्रे विहाराचा दिवाणखाना करतात. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे कोणी थुंकू नये म्हणून इमारतींच्या जिन्यांत लावली जाणारी तथागतांची टाइल. ज्या शास्त्याने शील शिकविले, त्याच्या प्रतिमेला तेथे पहारेकरी केले जाते. हे लोण विहाराच्या आवारात येऊ देऊ नये. कोपरा स्वच्छ राखणे हे आपल्या शीलाचे काम आहे. टाइल्स ठरविण्यासाठी बैठक बसेल तेव्हा दरांबरोबर विनयाचाही विचार व्हावा.