उडणे, बोलणे आणि वाढणे : 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'मधील स्थित्यंतराचा अर्थ

प्रस्तावना

बालकांसाठी निर्माण झालेल्या काही कलाकृती प्रौढांच्या आयुष्यातही पुनःपुन्हा अर्थपूर्ण ठरतात. हायाओ मियाझाकी यांचा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) हा जपानी अ‍ॅनिमेशनपट अशांपैकी एक होय. एइको कादोनो यांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालकादंबरीवर तो आधारलेला आहे. स्टुडिओ घिबलीची निर्मिती असलेल्या या चित्रपटाने त्या वर्षी जपानमध्ये जपानी चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न मिळविले. २०२० मध्ये नेटफ्लिक्समार्फत तो भारतीय प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला. घर सोडताना, पहिली नोकरी धरताना, अथवा मनापासून केलेले काम एकाएकी निरर्थक वाटू लागल्यावर हा चित्रपट विशेष जवळचा वाटतो. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कुमारवयाकडून प्रौढत्वाकडे जाण्याच्या कथा बहुधा काय मिळाले याचा हिशेब मांडतात. हा चित्रपट मात्र काय गमावले आणि त्यातले काय परत मिळाले नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घर सोडणे आणि कामाचे जग

चेटकिणीच्या कुळातील मुलीने तेराव्या वर्षी घर सोडावे आणि परक्या गावी वर्षभर स्वतःच्या बळावर राहावे, अशी या कथेतील रूढी आहे. किकी पौर्णिमेच्या रात्री निघते. सोबत जिजी नावाचा बोलका काळा बोका, वडिलांचा रेडिओ आणि आईचा जुना, पारखलेला झाडू एवढेच असते. औषधे तयार करण्याची आईची विद्या तिला आलेली नाही. तिला येते ते फक्त उडणे. समुद्रकाठच्या ज्या शहरात ती पोहोचते, त्याचे दृश्यरूप स्वीडनमधील स्टॉकहोम व व्हिस्बी या शहरांवरून सुचलेले आहे.

या शहरात तिचे स्वागत होत नाही. पोलीस हटकतो. पालक सोबत नाहीत म्हणून हॉटेलात खोली नाकारली जाते. ओसोनो ही गरोदर बेकरीवाली तिला पोटमाळ्यावर आसरा देते आणि वस्तू पोहोचविण्याचा किकीचा व्यवसाय सुरू होतो. येथे मियाझाकींचे वेगळेपण जाणवते. जादूच्या कथेत सहसा न येणारे तपशील ते आवर्जून दाखवितात : पोटमाळ्यावरची धूळ, पहिल्या खरेदीनंतर हलके झालेले पाकीट, पुढचे काही दिवस पॅनकेकवर काढावे लागतील हा हिशेब. तिच्या जादूला मंत्र नाहीत, चमत्कार नाहीत. ती एखाद्या साधारण मुलीजवळ असावी तशी एक मर्यादित कला आहे आणि त्या कलेवर पोट भरावयाचे आहे. प्रांतांतून महानगरात येऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहू पाहणाऱ्या तरुणी दिग्दर्शकाच्या नजरेसमोर होत्या, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

शक्ती हरवण्याचा प्रसंग

एका वृद्ध स्त्रीने नातीच्या वाढदिवसासाठी माशाचा पाय करावयाचे ठरविलेले असते. विजेची भट्टी बिघडते, तेव्हा किकी जुनी लाकडाची भट्टी पेटवून तिला मदत करते आणि भर पावसात तो पाय पोहोचविते. नात मात्र आजीच्या पायबद्दल नाराजी दाखवून दार लावून घेते. किकीचे कष्ट आणि आजीचे प्रेम यांपैकी कशालाच त्या दारात किंमत नसते. यानंतर काही काळाने, एका उदास संध्याकाळी, किकीला जिजीचे बोलणे कळेनासे होते. झाडूही तिला उचलत नाही. सराव करताना आईचा तो झाडू मोडतो.

या हानीचे एकच एक कारण चित्रपट देत नाही. थकवा, एकाकीपणा, तोंबोच्या मित्रमंडळींत वाटणारे परकेपण, छंदाचे रोजच्या कामात झालेले रूपांतर या सर्वांचा त्यात वाटा असावा. अरण्यात राहणारी चित्रकार उर्सुला तिला आपल्या झोपडीत नेते आणि स्वतःचाही हात असाच थांबला होता, असे सांगते. आपली चित्रे दुसऱ्यांची नक्कल आहेत हे उमगल्यावर तो थांबला होता. तिच्याकडे कोणताही रामबाण उपाय नाही. धडपड करून पाहावी, तरी जमले नाही तर काम बाजूला ठेवावे, फिरावे, झोपावे, एवढेच ती सुचविते. मूळ जपानी आवृत्तीत किकी आणि उर्सुला या दोघींना मिनामी ताकायामा या एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे. त्यामुळे हा संवाद किकी आणि तिचे काही वर्षांनंतरचे रूप यांच्यातील संवादासारखा ऐकू येतो.

जिजीचे मौन

शेवटी हवाई जहाजाच्या अपघातात तोंबो दोरीला लोंबकळत असताना किकी रस्ता झाडणाऱ्या एका माणसाकडून दांड्याचा ब्रश मागून घेते आणि पुन्हा उडते. या प्रसंगाबाबत एक आक्षेप घेता येतो. उर्सुलाने सांगितलेली संथ वाट सोडून पटकथा धाडसाच्या नेहमीच्या उपायाकडे वळते आणि संकट हेच औषध ठरते. आक्षेप रास्त आहे. तथापि त्याचे वजन दोन गोष्टी कमी करतात. किकी आईच्या झाडूवर उडत नाही. परक्या शहरातील परक्या माणसाचे, कामाचे साधन तिला पेलते. दुसरे म्हणजे जिजी तिच्या खांद्यावर येतो आणि केवळ म्याऊ करतो. त्याची बोली परतत नाही.

१९९८ च्या डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीत येथे एक वाक्य घालून जिजीला पुन्हा बोलते केले गेले. २०१० मध्ये या आवृत्तीत सुधारणा करताना जिजीच्या तोंडी घातलेली बरीच वाक्ये काढून टाकण्यात आली. एका वाक्याच्या भरीने कथेचा अर्थच पालटतो. सर्व काही परत मिळते, असे आश्वासन त्यातून मिळते आणि वाढीची किंमत पुसली जाते.

जिजी हा किकीच्याच मनाचा बालिश आवाज होता, म्हणून मोठी झाल्यावर तिला त्याची गरज उरली नाही, असाही अर्थ लावला जातो. हा अर्थ हानीला फारच सोयीस्कर करून टाकतो. जिजीला स्वतःचे आयुष्य आहे. शेजारची पांढरी मांजर आणि पुढे त्यांची पिल्ले त्यात आहेत. दोघेही आपापल्या परीने वाढले, आणि त्या वाढीत त्यांची सामाईक भाषा मागे राहिली. स्नेह टिकला, संवाद टिकला नाही.

समारोप

अखेरीस किकी आईवडिलांना पत्र लिहिते. अधूनमधून मन खचते, तरी हे शहर आपल्याला आवडते, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्यात विजयाचा सूर नाही. अध्यापकांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे वाटते. प्रथम वर्षाला गाव सोडून आलेला विद्यार्थी मध्येच गप्प होतो, तेव्हा आपण त्याला नापास, आळशी किंवा बिघडलेला ठरवून मोकळे होतो. हे गप्प होणे वाढीचाच एक टप्पा असू शकतो, हे हा चित्रपट दाखवितो. अशा वेळी ओसोनोप्रमाणे आसरा देणे आणि उर्सुलाप्रमाणे शेजारी बसणे एवढेच दुसऱ्याच्या हाती असते. विद्यार्थी पुन्हा उभा राहिला तरी पूर्वीचाच होऊन परतेल, अशी अपेक्षा मात्र धरता येत नाही.