डीजे, यंत्र आणि आपला शब्द

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेवर लिहायचे म्हणजे दोन्ही बाजूंनी मार खाण्याची तयारी ठेवावी लागते. विरोधात लिहिले तर पांढरपेशांच्या सुरात सूर मिसळला असे म्हणतात. बाजूने लिहिले तर 'याचसाठी शिकून मास्तर झालास का?' असे वस्तीतली म्हातारी माणसे विचारतात. इतरांच्या मिरवणुकीतला गोंगाट ज्यांना उत्सव वाटतो आणि भीमजयंतीचा तेवढा प्रदूषण वाटतो, त्यांच्याशी मला बोलायचे नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. माझे बोलणे आपल्याच माणसांशी आहे, आणि ते कलेविषयी आहे.

डीजे ही कला आहे, आणि ती आपल्यासारख्यांनीच जन्माला घातली आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या जमैकन तरुणाने बहिणीच्या शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून राहत्या इमारतीत नाचगाण्याचा कार्यक्रम केला. महामार्गासाठी वस्त्या फोडून काढलेला हा भाग. गायक थांबून नुसते तालवाद्य उरते, तेव्हा नाचणाऱ्यांच्या अंगात येते, हे हर्कने पाहिले. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन प्लेअरवर आलटूनपालटून फिरवून त्याने तो तुकडा हवा तेवढा लांबवला. त्याच्यामागून आलेला ग्रँडमास्टर फ्लॅश शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. तो रेकॉर्डीवर रंगीत खडूने खूण करी आणि पुढची रेकॉर्ड आधी स्वतःच्याच कानात ऐकता यावी म्हणून घरीच बटण जोडून घेई. या लोकांचे राजकारण आपण वाचले, कविता वाचल्या. त्यांनी आपला कान कसा घडवला, हे मात्र आपण पाहिले नाही.

आता माझ्या वस्तीकडे येतो. गेल्या जयंतीला वामनदादा कर्डकांचे एक गाणे लागले होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एको, दर अर्ध्या मिनिटाला सायरन, मध्येच सगळे थांबवून छातीत धडकणारा बेस. माझे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवीत असत. हे गाणे त्यांना तोंडपाठ आहे. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, "हे कोणाचं गाणं लागलंय रे?" मला उत्तर देववेना.

टेम्पोवर लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा माझाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे विचारले. तो म्हणाला, "सर, गाण्याला गाणं जुळवायचं काम सॉफ्टवेअरच करतं. मग माझे हात मोकळे राहतात. मोकळे दिसले की मंडळवाले म्हणतात, पैसे कशाचे घेतोस? म्हणून बटणं दाबत राहतो."

मला वाटते, या एका उत्तरात सगळा प्रश्न आला. एको आणि सायरन हा नुसता अभिरुचीचा दोष नव्हे. कानाचे काम यंत्राने उचलले. रिकाम्या झालेल्या हाताला आपण कारागीर आहोत हे दाखवण्यासाठी काहीतरी करणे भाग पडले.

यंत्र ते काम कसे करते, तेही पाहावे. सॉफ्टवेअर गाण्याचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजते आणि त्यावर सारख्या अंतराच्या रेघा आखते. यंत्रावरच बनवलेल्या गाण्याला त्या बरोबर बसतात. पण जुने भीमगीत माणसांनी गायलेले आहे. गायक एखाद्या शब्दावर रेंगाळतो, ढोलकी त्याच्यासाठी थांबते, शेवटी लय चढते. त्या रेघा हाताने सरकवता येतात, पण त्यासाठी ऐकावे लागते. कोणी ऐकलेच नाही तर दोन गाणी एकमेकांवर आदळतात, नाहीतर गाणे ताणून रेघेवर बसवले जाते आणि गायकाचा श्वास मधल्यामध्ये निघून जातो.

याचा अर्थ यंत्र टाकून द्या, असा कोणी करू नये. रेकॉर्ड वाजवतो तोच खरा डीजे, लॅपटॉपवाला बाटगा, असे म्हणणारे शुद्धतावादी जगभर आहेत. शुद्धतेची भाषा कानावर आली की आपण सावध व्हावे. ज्या टेक्निक्स एसएल-1200 प्लेअरला ते पवित्र मानतात, तेही 1972 साली बाजारात आलेले एक यंत्रच. ज्याच्या बापाने रेकॉर्ड प्लेअर दुरूनच पाहिला, त्याला दार उघडले ते लॅपटॉपने. आणि हलगीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांना एवढेच सांगतो, की वाजवणे हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला कला म्हणून आले नव्हते. पाटलाच्या वरातीपुढे वाजवायचे आणि पंगतीच्या बाहेर बसायचे, असे ते काम होते. ते सुटले याचे मला दुःख नाही.

मग संयम कशासाठी? या शब्दाची आपल्याला चीड आहे, कारण शतकानुशतके तो आपल्याला गप्प बसवण्यासाठी वापरला गेला. पण कलेतला संयम वेगळा. किंग्स्टनचा किंग टबी (1941–1989) मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. तो तयार गाण्यातून गायकाचा बहुतेक आवाज काढून टाकी, एखादाच शब्द ठेवी, त्याला एको देई आणि भोवतालची वाद्ये बंद करी. मग तो शब्द काळजात उतरे. एको त्याच्याकडेही होता. पण तो कोणत्या शब्दाला द्यायचा, हे त्याने ठरवलेले असे. प्रत्येक शब्दाला एको दिला, तर कोणत्याच शब्दाला दिला नाही असे होते.

माझ्या विद्यार्थ्याला हे कळत नाही, असेही नाही. पुतळ्यापाशी मिरवणूक आली तेव्हा त्याने आवाज एकदम खाली घेतला आणि धृपद लोकांवर सोडून दिले. बाया, पोरे, म्हातारे, सगळा चौक गाऊ लागला. त्या मिनिटभरात त्याने एकही बटण दाबले नाही. मी त्याचे कौतुक केले तर तो म्हणाला, "त्यात मी काय केलं सर?" आपण काय केले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

ते सांगण्याचे काम आपले आहे. आपल्या नियतकालिकांतून आपण एकेका कवितासंग्रहावर पानेच्या पाने लिहितो. आज वस्तीतल्या ज्या मुलांपर्यंत पुस्तक पोचत नाही, त्यांच्यापर्यंत वामनदादा पोचतात ते टेम्पोवरून. आता सॉफ्टवेअर गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळाही काढून देते. ज्याला कान आहे त्याच्या हाती टबीपेक्षा मोठे साधन आले आहे. त्या मुलाच्या वाजवण्याची समीक्षा आपण केली नाही, तर ती मंडळाची वर्गणी आणि रिकाम्या हाताची भीती करील. आणि पुढच्या जयंतीलाही कोणीतरी म्हातारा ओट्यावरून विचारील, हे कोणाचं गाणं लागलंय?