भारत-श्रीलंका करार आणि अनुपस्थित पक्ष : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
भारत आणि श्रीलंका यांच्या संबंधांचा विचार बहुधा सुरक्षेच्या चौकटीत केला जातो. २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेल्यानंतर ही चौकट अधिकच घट्ट झाली. मोठ्या देशाचे वर्चस्व आणि लहान शेजाऱ्याची साशंकता, असे या संबंधांचे सार सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. उभय देशांतील प्रमुख करार तपासले असता, ज्यांच्या जीवनाचा प्रश्न होता तेच घटक करारात पक्ष नव्हते, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन करारांची चिकित्सा केली आहे.

मळ्यांतील मजुरांचा प्रश्न :
१९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे सिलोनमधील चहाच्या मळ्यांत राबणारे भारतीय वंशाचे बहुसंख्य तमिळ मजूर राज्यहीन झाले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री व सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५,२५,००० व्यक्ती भारताने आणि ३,००,००० व्यक्ती सिलोनने स्वीकारावयाच्या होत्या. उरलेल्या १,५०,००० व्यक्तींची १९७४ मध्ये निम्मी-निम्मी वाटणी झाली. येथे संख्या आधी निश्चित झाली आणि माणसांची इच्छा नंतर विचारली गेली. अनेक मजुरांचा जन्म सिलोनमध्येच झाला होता. उर्वरित राज्यहीन व्यक्तींना नागरिकत्व देणारा कायदा श्रीलंकेने २००३ मध्ये केला, म्हणजे मूळ करारानंतर तब्बल ३९ वर्षांनी.

कच्चथीवू आणि मच्छीमार :
१९७४ च्या करारान्वये पाल्कच्या सामुद्रधुनीतील सुमारे २८५ एकरांचे कच्चथीवू बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेले. भारतीय मच्छीमार व यात्रेकरूंना बेटावर जाण्याची मुभा त्यात होती. परंतु १९७६ च्या पत्रव्यवहाराने परस्परांच्या सागरी हद्दीत मासेमारी करण्यास मनाई झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकच असलेले मासेमारीचे क्षेत्र नकाशावरील रेषेने दुभंगले.

तथापि या प्रश्नाचे खापर केवळ श्रीलंकेच्या नौदलावर फोडणे एकांगी ठरेल. तमिळनाडूतील ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात. त्याची झळ जाफना व मन्नार येथील तमिळ मच्छीमारांनाच बसते, आणि ते दीर्घ युद्धातून नुकतेच सावरत आहेत. श्रीलंकेने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. म्हणजेच हा संघर्ष दोन राष्ट्रांइतकाच एकाच भाषेच्या दोन मच्छीमार समाजांतील आहे.

१९८७ चा करार :
२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी व ज्युनिअस जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. तमिळ वाघांची संघटना या करारावर स्वाक्षरी करणारा पक्ष नव्हती. तरीही तिच्या निःशस्त्रीकरणावरच कराराचे यश अवलंबून होते. सिंहली समाजातही त्यास तीव्र विरोध होता. ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना व वाघ यांच्यात युद्ध पेटले. मार्च १९९० मध्ये सेना परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान मृत्युमुखी पडले होते. करारातून उद्भवलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण केल्या; पण २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्तर व पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण अवैध ठरविले. उत्तर प्रांतीय परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली, तेव्हा नवी निवडणूक वेळेवर झाली नाही. कागदावरील अधिकार लोकांच्या हाती पोहोचले नाहीत.

निष्कर्ष :
२०२२ च्या आर्थिक संकटात भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले. इंधन, अन्न व औषधे थेट सामान्यांपर्यंत गेल्याने सद्भावना वाढली. मात्र सद्भावनेने मूळ प्रश्न सुटत नाहीत. बाधितांना केवळ चर्चेस बसविणेही पुरेसे नाही. जानेवारी २०१४ मध्ये चेन्नई येथे उभय देशांच्या मच्छीमार प्रतिनिधींची बैठक झाली, पण तिच्यातून टिकाऊ तोडगा निघाला नाही. कारण ट्रॉलर सोडणाऱ्याला पर्यायी उपजीविका देण्याची जबाबदारी शासनाचीच असते. म्हणून बाधितांचा सहभाग आणि शासनाची जबाबदारी या दोन्हींची सांगड घालणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास दोन राजधान्यांचे एकमत जेथे होईल तेथूनच नव्या प्रश्नाचा आरंभ होत राहील.