प्रत्येक डबा खरा, गाडी मात्र खोटी



संयोजकांनी या वेळी 'सत्य आणि प्रतिकृती' असा विषय सुचवला, तेव्हा त्यांना बहुधा माझ्याकडून प्लेटोची अपेक्षा असावी. चित्रकाराने काढलेला पलंग, नकलेची नक्कल, वगैरे. ते मी वर्गात इतकी वर्षे शिकवले की आता माझे मलाच ऐकवत नाही. आज मी मालगाडीच्या डब्यांविषयी बोलणार आहे. डबे अमेरिकेतले, वाफेच्या इंजिनांच्या काळातले, आणि तेही खरे नव्हेत, तर छंद म्हणून बनवलेले छोटे. हसू नका. ज्ञान म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, हे प्रश्न या छंदात जितके रोखठोक विचारले जातात तितके तत्त्वज्ञानाच्या परिषदेतही मी क्वचित ऐकले आहेत. मुलीकडे जाणे-येणे असल्यामुळे ही मंडळी मला बरीच जवळून पाहता आली.

आधी थोडी ओळख. तिथे सर्वांत प्रचलित प्रमाण आहे 'एचओ', म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे. चाळीस फुटी बंद मालडबा, ज्याला ते बॉक्सकार म्हणतात, तो इथे चौदा सेंटिमीटरचा होतो. काही मंडळी नुसती गाडी फिरवून समाधानी असतात. पण काहीजण एक ठिकाण आणि एक तारीख ठरवतात. समजा, ऑक्टोबर १९५०. मग त्या महिन्यात त्या रुळांवर जे दिसले असते तेच माझ्या टेबलावर दिसेल, अशी त्यांची प्रतिज्ञा असते. माझी आजची टीका आहे ती या प्रतिज्ञा करणाऱ्यांवर. बाकीच्यांशी माझे भांडण नाही.

या प्रतिज्ञावाल्यांची बाहेरून थट्टा होते. 'रिव्हेट मोजणारे' असे त्यांना हिणवतात. ही थट्टा मला मान्य नाही, आणि का नाही ते आधी सांगतो.

डब्यावरचा बारीकसारीक तपशील ही नक्षी नसते. प्रत्येक तपशिलामागे काहीतरी घडलेले असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दोन डबे जोडायचे म्हणजे माणसाने मध्ये उभे राहून लोखंडी दुवा धरायचा आणि वरून खिळ घालायची. त्यात किती हात चिरडले, किती माणसे गेली! १८९३ साली कायदा झाला आणि आपोआप जुळणारे कप्लर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे झाले. शिड्या कुठे हव्यात, हाताने धरायचे दांडे कुठे हवेत, याचेही पुढे नियम झाले. छतावरून जाणारी ती अरुंद फळ्यांची वाट बघा. तिच्यावरून ब्रेक्समन चालत्या गाडीत, पावसात, बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्यावर जात असे. १९४५ च्या सुमारास नव्या डब्यांवर फळ्यांच्या जागी जाळीदार पोलाद आले आणि १९६६ पासून नव्या डब्यांवर ही वाट बसवणेच थांबले. तेव्हा जो मॉडेलकार पाऊण इंची दांडा दाखवायला पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक तार वाकवत बसतो, तो निव्वळ हौस करत नाही. कुणाच्या तरी हाताची पकड जिथे होती ती जागा तो नीट दाखवतो.

आणि या तपशिलांना तारखा असतात, बरं का. चाकांच्या वरचा सांगाडा, आपण ज्याला बोगी म्हणतो, त्याचा पट्ट्या जोडून केलेला एक जुना प्रकार होता. पट्ट्या आणि बोल्ट सैल पडून अपघात होत. म्हणून १९४० च्या सुमारास असे डबे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर नेण्यास बंदी आली. जुन्या 'के' ब्रेकच्या जागी 'एबी' ब्रेक आला. १९३३ पासून तो नव्या डब्यांना सक्तीचा झाला, आणि कंपन्यांच्या आपसातल्या वाहतुकीतून जुना ब्रेक १९५३ मध्ये बाद झाला. डब्याच्या कडेला रिकामे वजन आणि ते कधी तोलले ती तारीख रंगवलेली असे. कारण उघड आहे. भरलेल्या डब्याच्या वजनातून ते वजा केल्याशिवाय मालाचे भाडे ठरणार कसे? १९५० च्या गाडीत १९५३ ची तोलतारीख असलेला डबा उभा केला, तर तो लग्नपत्रिकेवर पुढच्या सालची तिथी छापण्यासारखा प्रकार झाला.

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा आहे. आता टीकेकडे येतो.

हे लोक पुरावा म्हणून काय देतात? छायाचित्र. 'हा बघा फोटो, हा डबा होता.' ठीक. पण छायाचित्र हे वाटते तितके प्रत्यक्ष प्रमाण नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. विटकरी डबा तीत काळपट दिसतो आणि निळा फिका. रंगाविषयी त्या फोटोवरून आपण जे बोलतो ते अनुमान असते. शिवाय फोटो काढले कुणी? कारखान्याने काढले ते नव्याकोऱ्या डब्याचे, रुळांवर जाण्यापूर्वीचे. हौशी माणसाने काढले ते इंजिनांचे, कारण फिल्मला पैसे पडत. मालडब्याकडे कॅमेरा वळला तो त्यात काही विशेष होते म्हणून. म्हणजे जे नेहमीचे, त्याचे चित्र कमी. जे वेगळे, त्याचे जास्त.

याच्या उलट वाद असा: 'फोटो नाही, म्हणजे डबा नव्हताच कशावरून?' इथे मला आपले मीमांसक आठवतात. कुमारिलांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असे आपण जाणतो. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही अट मॉडेलकारांच्या भांडणाला चपखल लागू पडते. छायाचित्रांचा संग्रह ही अंधारी खोली आहे. तिथे एखादा डबा दिसला नाही म्हणून तो नव्हता असे म्हणता येत नाही. पण अमेरिकेत 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर' नावाची जाडजूड सूची ठरावीक काळाने निघत असे. कोणत्या कंपनीकडे कोणत्या क्रमांकांचे, कोणत्या मापांचे, किती डबे आहेत, हे सगळे तीत असे. ती सूची म्हणजे दिवा लावलेली खोली. १९५० च्या सूचीत जी क्रमांकमालिका नाही, ती 'कुठेतरी असेलच की हो' म्हणून गाडीत घुसवता येणार नाही. काहीजण मात्र सोयीप्रमाणे खोली बदलतात. आवडता डबा असला की अंधाराचा फायदा घ्यायचा आणि दुसऱ्याच्या डब्यावर दिवा रोखायचा. हा युक्तिवाद नव्हे, ही वकिली झाली.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या छंदातला मोठा असत्यदोष कोणत्याही एका डब्यात नसतोच. तो गाडीत असतो.

समजा, माझ्याकडे तीस डबे आहेत. प्रत्येकाचा फोटो आहे, सूचीत क्रमांक आहे, ब्रेक बरोबर, तारीख बरोबर. पण मी ते निवडले कसे? एक छोट्या कंपनीचा, कारण तिचे बोधचिन्ह देखणे. एक दूरच्या कंपनीचा, कारण त्याचा निळा रंग दुर्मीळ. एक प्रायोगिक, जगात दहाच होते असा. व्यापारही याला हातभार लावतो. एकदा साचा केला की तोच डबा पंचवीस कंपन्यांच्या रंगांत विकता येतो, आणि रंगीत तेच आधी खपतात. तीस खरे डबे जोडून जी गाडी तयार झाली, तशी गाडी अमेरिकेच्या रुळांवर कधी धावली नसेल. एखाद्याने गावच्या आठवडी बाजाराचे चित्र काढले आणि त्यात नुसते पहिलवान, सरदार आणि तमासगीर दाखवले, तर? प्रत्येकजण त्या गावात होता, पण बाजार काही तसा नव्हता.

खरी गाडी कशी होती? पेनसिल्वेनिया रेल्वेमार्गाचा 'एक्स-२९' नावाचा पोलादी डबा घ्या. १९२४ ते १९३४ या काळात असे जवळपास तीस हजार डबे बांधले गेले. त्या कंपनीचा आणि न्यूयॉर्क सेंट्रलचा ताफा देशात सर्वांत मोठ्यांपैकी होता. बॉक्सकार रिकामी झाली की जिथे माल मिळेल तिथे जाई, ती घरी परतावी असा नियम असला तरी. म्हणून कॅलिफोर्नियात किंवा टेक्ससमध्येसुद्धा पेनसिल्वेनियाचे डबे हटकून दिसत. गार्डांच्या जुन्या वह्या मिळाल्या आहेत, त्यांत गाडीतल्या एकेका डब्याची नोंद आहे. त्यांवरून काही अभ्यासकांनी असा कयास मांडला, की मुख्य मार्गावरच्या परक्या बॉक्सकारांचे प्रमाण साधारणपणे देशातल्या एकूण ताफ्यातल्या प्रमाणासारखेच असे. कोळशाच्या हॉपरना किंवा फळांच्या बर्फगाड्यांना हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्यांच्या वाटा ठरलेल्या. पण बॉक्सकारना बऱ्यापैकी पडतो. म्हणजे खरी गाडी कशी? विटकरी, तपकिरी, काजळीने माखलेली, अक्षरे अर्धवट पुसलेली, एकासारखा दुसरा. कंटाळवाणी म्हणा ना! आणि त्या कंटाळवाण्या डब्यांतून देशाचे धान्य, कागद, सिमेंट, जोडे, डबाबंद अन्न जात होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. बर्फाच्या डब्यांवर पूर्वी मांसाच्या, लोण्याच्या, बिअरच्या कंपन्यांच्या रंगीबेरंगी जाहिराती असत. १९३४ मध्ये तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने त्या प्रथेविरुद्ध निर्णय दिला. भाड्याने घेतलेल्या डब्यांच्या आडून माल पाठवणाऱ्याला छुपी सवलत मिळते, हे त्यामागचे एक कारण. पुढच्या काही वर्षांत ते डबे रुळांवरून गेले. पण छंदाच्या टेबलांवरून ते गेलेच नाहीत! १९५० च्या म्हणवणाऱ्या गाड्यांत ते मला वारंवार दिसले. कायद्याने जे पुसले ते दुकानाने जपले.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, हा खेळ आहे, कशाला इतके मनावर घेता? रास्त आक्षेप आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांच्या सिंहासनाखाली प्लास्टिकची एसटी उभी असते, तिला आपण इतिहासाची चूक म्हणत नाही. अमेरिकेतही जॉन ॲलन म्हणून या छंदातला मोठा कलावंत होऊन गेला. मॉन्टेरे गावी त्याने डोंगरदऱ्यांची एक विलक्षण छोटी रेल्वे उभारली. १९७३ मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच ती आगीत गेली. त्याच्या यार्डात डबे ढकलायला एक डायनोसॉर होता, एमा नावाचा! त्या डायनोसॉरला मी असत्य म्हणणार नाही. त्याने आपली रेल्वे काल्पनिक आहे हे कधी लपवले नाही. कल्पित सांगणाऱ्याने कल्पित सांगितले, यात खोटे काय?

तसेच तडजोडींचे. एचओची नेहमीची चाके प्रमाणाने हवीत त्याच्या पावणेदोनपट रुंद असतात. अठरा इंच त्रिज्येचे वळण खऱ्या मापात १३० फुटांचे होते, आणि खऱ्या मुख्य मार्गावरचे पाचसातशे फुटांचे वळणही तीव्रच समजले जाई. खोली लहान, काय करणार? पण ही तडजोड पाहणाऱ्याला दिसते. तिने कुणी फसत नाही. डब्यांच्या निवडीतली तडजोड मात्र दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक डबा खरेपणाचे प्रमाणपत्र घेऊन उभा असतो. जो माणूस 'ऑक्टोबर १९५०' अशी पाटी लावतो, त्याने एक विधान केले आहे. विधान केले की ते खरे-खोटे ठरण्याची जोखीम आलीच.

आणि हे विधान ऐकणारे बदलत आहेत, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्यांनी त्या गाड्या फाटकापाशी उभे राहून मोजल्या, ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. ते होते तोवर मॉडेल हे आठवणीला पूरक होते. एखादा म्हातारा म्हणू शकत होता, 'छे हो, इतके पिवळे डबे कुठले?' ते गेले की मॉडेल हाच साक्षीदार उरतो. नातवंड टेबलापाशी येते आणि जे दिसते तोच १९५० साल समजते. दुर्मीळ, देखणे, विशेष ते टिकते आणि रोज राबणारे गळून जाते, ही इतिहासाची खोड आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपण राजांच्या वंशावळी जपल्या, बलुतेदारांची नावे हरवली. निदान ज्यांनी अचूकपणाचे व्रत घेतले आहे, त्यांनी तरी त्या खोडीला शरण जाऊ नये.

म्हणून परीक्षकांना माझी एक सूचना आहे. तिकडे स्पर्धांत एकेक डबा टेबलावर ठेवून भिंगाने तपासतात. तपासावा. पण त्यानंतर सांगावे, 'आता सलग वीस डबे दाखवा.' त्या विसांत एकसारखे, मळके विटकरी किती आहेत, पेनसिल्वेनियाचे दोन तरी आहेत का, हे पाहावे. ज्याने तोच रटाळ डबा तीनदा बांधला आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळी काजळी दिली, त्याला मी गुण जास्त देईन. त्याला तो डबा आवडला म्हणून त्याने बांधलेला नाही. तो तिथे होता म्हणून बांधला.

माझे बोलणे इथे थांबवतो. वेळ झालेली दिसते. तरी प्रश्न असतील तर जरूर विचारा.