'कातीव' या विशेषणाविषयी

चार वर्षांपूर्वी माझी तिसरी कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा एका परीक्षणात तिच्या रचनेला 'कातीव' म्हटलेले होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सौंदर्यशास्त्राच्या घरात मी सहसा जात नाही. गेलोच तर ओसरीवरून डोकावून परत येतो. तरी ते विशेषण वाचून मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. परीक्षणाचे कात्रण मी शाळेतील टेबलाच्या खणात ठेवले आणि पुढे काही दिवस तो खण वाजवीपेक्षा अधिक वेळा उघडला.

या कादंबरीचा नायक किसना हा कातारी आहे. म्हणजे चरकावर लाकूड कातून खाटेचे खूर, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब करणारा. मेहकर तालुक्यात ज्या गावी मी मास्तरकी करतो, तेथील आठवडी बाजाराला एक वृद्ध कातारी येतात. लाटणी, रव्या आणि भोवरे मांडून बसतात. त्यांची नात माझ्या वर्गात होती. तिने त्यांना माझी कादंबरी वाचून दाखविली. पुढच्या बाजारी त्यांनी मला हाक मारली, बसावयास पोते दिले आणि म्हणाले, "गुरुजी, पुस्तक आयकलं. मानसं खरी हायेत. पन तुमचा किसना पटाशी दाबून राह्यला न् लाकूड त्याले चावत नाही, हे कसं?"

मला उत्तर सुचेना. किसना घामाघूम होऊन पटाशी लाकडात रेटतो आहे, लाकूड करकरते आहे, शेवटी ते हार मानते आणि त्यातून एक सुबक खांब प्रकट होतो, असा दीड पानाचा प्रसंग मी लिहिला होता. परीक्षणात नेमकी त्याच प्रसंगाची वाखाणणी होती.

"एकडाव दाबून पाहजा," एवढे बोलून म्हातारबा गिऱ्हाइकाकडे वळले.

गेल्या हिवाळ्यात खामगावजवळ कातारकाम करणाऱ्यांचे दोन दिवसांचे शिबिर भरणार असल्याचे मला त्यांच्याकडूनच कळले. नवशिक्यांना मज्जाव नव्हता. मी रजा टाकली आणि म्हातारबांच्या सोबतीने मेहकरहून एस्टीने गेलो. हे टिपण म्हणजे त्या शिबिराचे वृत्त नव्हे. आपल्या समीक्षेतल्या एका शब्दाची तेथे जी परीक्षा झाली, तिचा हा वृत्तांत आहे.

आपली समीक्षा कारागिरांच्या शब्दांवर किती जगते, हे एकदा मोजून पाहावे. घाट, घडण, बांधणी, वीण, पोत, रेखीव, घोटीव, कातीव! हे शब्द काढून घेतले तर आमच्या परीक्षणांत 'उत्कट' आणि 'तरल' यांच्यापलीकडे फारसे काही उरणार नाही. उसनवारीत गैर काही नाही. भाषा अशीच वाढते. पण ज्याच्याकडून वस्तू आणली, त्याच्याकडे ती कशी वापरतात हे विचारावयाचे असते. ते आपण क्वचितच विचारले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून बलुतेदारांच्या कामाची आणि हक्कांची बारकाईने चर्चा केली. साहित्यशास्त्राने मात्र त्या ओसरीवर पाय ठेवला नाही. ग्रंथकारांचे पहिले संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये पुण्यास भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे आमंत्रण महात्मा फुल्यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. त्या नकाराची कारणे मोठी आहेत आणि ती या लहानशा विषयात कोंबू नयेत. एवढे मात्र म्हणता येईल की कष्टकऱ्यांचे शब्द आमच्या मांडवात आले, आणि कष्टकरी फार काळ मांडवाबाहेर राहिले.

'कातणे' हे क्रियापद मराठीत सुताला आणि लाकडाला, दोहोंनाही लागते. दोन्हीकडे काहीतरी स्वतःभोवती फिरत असते. सूत कातताना चाती फिरते. लाकूड कातताना लाकूडच फिरते आणि हत्यार जवळजवळ स्थिर असते. सुताराच्या इतर कामांत हे उलटे आहे. तेथे लाकूड पडून राहते आणि रंधा, वाकस, करवत चालतात. किसनाच्या हातून माझी चूक झाली ती येथेच. मी वाकसाचा जोर चरकाला लावला होता.

शिबिराच्या शेडमध्ये विजेवरचे पाच-सहा लेथ मांडले होते. खामगाव, मलकापूर, चिखलीकडचे कारागीर होते; सावंतवाडीकडचे लाखकाम करणारे एक गृहस्थ होते. आमच्या म्हातारबांनी जुना हातचरक जमिनीवर मांडून दाखविला. एका हाताने कमान पुढे-मागे ओढावयाची, तिच्या दोरीने लाकूड उलटसुलट फिरते. धार लावावयाची ती एकाच फेऱ्यात. परतीच्या फेऱ्यात ती अलगद सोडून द्यावयाची. पटाशी दुसऱ्या हाताने आणि पायाच्या बोटांनी सांभाळावयाची. विजेच्या लेथवर लाकूड एकाच दिशेने अखंड फिरते. म्हातारबांनी तो लेथ थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे दम घेऊ देत नाही."

मग माझी पाळी आली. हळदूचा एक ठोकळा लावून दिला. मी किसनाप्रमाणे पटाशी दाबली. पुढचे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. धार लाकडात रुतली, हाताला हिसका बसला, ठोकळा सुटला आणि पत्र्यावर आपटला. कोणी हसले नाही. एकाने ठोकळा उचलून आणला, खाच सर्वांना दाखविली आणि "चावलं" एवढेच म्हणाला. म्हातारबांनी माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

नंतर मला जे शिकविले ते असे. पटाशी आधी आडव्या टेकूवर ठेवावी. मग धारेच्या मागचा उतरता भाग फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यावा. अजून कापावयाचे नाही. मग मूठ हळूहळू उचलावी. एका क्षणी धार आपोआप लाकडाला लागते आणि सालपट निघू लागते. दांडा कातताना जाडीकडून बारकाईकडे, उताराने यावे. चढाने गेल्यास रेषा उसवतात. जोर हा बहुधा अज्ञानाचा पुरावा असतो. हत्यार लाकडाला टेकलेले असले पाहिजे, आणि त्या टेकण्यातूनच लाकूड कोठे मऊ, कोठे गाठीचे, हे हाताला कळते. माझ्या दीड पानात विजय होता, हे टेकणे मात्र कोठेच नव्हते. किसनाच्या मनाविषयी मी पुष्कळ लिहिले होते. त्याच्या हाताला काय कळते, हे मला ठाऊकच नव्हते.

आता त्या विशेषणाकडे वळू. 'कातीव' म्हणताना आपल्या मनात काय असते? गुळगुळीतपणा, कोठेही न अडखळणारी रेषा. शेडमधील कारागिरांना गुळगुळीतपणाचे फारसे कौतुक नव्हते. काचकागद लावला की कोणतेही लाकूड गुळगुळीत होते. चांगल्या धारेने कापलेला पृष्ठभाग आणि उसवलेल्या रेषांवर काचकागद घासून झाकलेला पृष्ठभाग दुरून सारखेच दिसतात. ते तिरप्या उजेडात धरून पाहतात, बोट फिरवितात आणि एका शब्दात निकाल देतात: कातलेले की घासलेले. समीक्षेला हाच भेद करता आला पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. माझी भाषा कातलेली नव्हती, घासलेली होती. तीन मसुद्यांत मी विशेषणे बदलली, वाक्यांची लांबी जुळविली, खटकणारा शब्द काढला. हा सारा काचकागद. मूळ काप चुकलेला होता, आणि परीक्षकाने माझ्या काचकागदाला कातीव म्हटले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मीच तो पृष्ठभाग त्यांच्यापुढे उजेडाकडे पाठ करून धरला होता.

दुसरी गोष्ट पोकळीची. एका कारागिराने वाडगा केला. बाहेरचा आकार सर्वांना दिसत होता आणि सुरेख होता. आतले कोरीत असताना तो मधूनमधून लेथ थांबवी, डोळे मिटी आणि अंगठा आत, बोट बाहेर अशी चिमूट काठापासून तळापर्यंत फिरवी. भिंत कोठे जाड, कोठे पातळ हे डोळ्यांनी कळत नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींचा विचार मांडला. तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या लयीपाशी अडखळलो. ती चिमूट पाहिल्यावर समतोल म्हणजे काय असू शकेल, याची मला प्रथमच अंधूक कल्पना आली. आशय आणि अभिव्यक्ती यांवर आपण इतके वाद घातले. पण दोन्हींवर एकाच वेळी बोट ठेवून पुस्तक चाचपणारा समीक्षक विरळा. एक तर आपण बाहेरून वाखाणतो किंवा आतून.

त्याच कारागिराचा पुढचा वाडगा फुटला. तळ बेताचा राहिला असताना त्याने आणखी एक काप घेतला आणि पटाशी आरपार गेली. शंभरएक माणसे पाहत होती. त्याने फुटका वाडगा हातोहात फिरविला आणि आपला हात कोठे चुकला ते सांगितले. अमेरिकेतील कातारकाम करणाऱ्यांनी १९८६ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तिच्या वार्षिक मेळाव्यांचाही गाभा हाच, की जाणत्याने लोकांसमोर काम करून दाखवावे. आमच्या साहित्य संमेलनांत मी भाषणे ऐकली, ठराव ऐकले, जेवणाची तक्रारही ऐकली; पण मान्यवर लेखकाने आपले फसलेले प्रकरण व्यासपीठावर आणून "माझा हात येथे चुकला" असे म्हटलेले ऐकले नाही. इंग्लंडमधील डेव्हिड पाय हे फर्निचरचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार केले: एकीत फळ आधीच ठरलेले असते, दुसरीत ते शेवटच्या क्षणापर्यंत पणाला लागलेले असते. पहिलीसाठी त्यांनी छपाईचा दाखला दिला, आणि दुसरीसाठी लेखणीने लिहिण्याचा. आम्ही लेखक दुसऱ्या जातीचे. वागतो मात्र पहिल्यासारखे.

तिसरी गोष्ट ओल्या लाकडाची. ओले लाकूड कापावयास सोपे, पण वाळताना ते रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते आणि गोल वाडगा लंबगोल होतो. म्हणून पहिल्यांदा तो जाडसरच कातावा, भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ठेवावी, काही महिने वाळू द्यावा आणि मग पुन्हा चरकावर चढवावा. हे ऐकताना मला आमच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे आठवले. 'शीळ' १९५४ मध्ये आला, 'अभिसार' १९६३ मध्ये, आणि 'खूणगाठी' १९८५ मध्ये. या सावकाशीमागची त्यांची कारणे त्यांची त्यांना ठाऊक. पण वाळू दिलेल्या लाकडाची घट्ट रेषा त्यांच्या भावगीतांत मला जाणवते. 'कातीव' हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभते ते अशा कवितेला. भावगीत एका आसाभोवती फिरते; आसाबाहेरचे सर्व काढून टाकणे हाच त्याचा धर्म.

कादंबरीचे तसे आहे काय? मला वाटते, नाही. चरकाला फक्त गोल येते. फांदी, वाक, फाटा त्याला चालत नाहीत. फिरू लागताच ते पहिल्या फटक्यात तुटून पडतात. कादंबरीचे जगणे तर फाट्यांतच असते. आपल्याकडची बाज पाहा. तिचे चार खूर कातलेले असतात. गाते नुसते तासलेले, सरळ. मधली वीण सुंभाची. ती सैल पडते, पायथ्याची दोरी अधूनमधून ताणावी लागते. माणूस खूर पाहून बाज विकत घेतो, पण झोप लागते ती विणीवर. अख्खी बाज कातीव करावयाची म्हटले तर शोभेची वस्तू होईल, आणि कोणी तिच्यावर निजणार नाही. तेव्हा कादंबरीत कातीव काय असावे, तासलेले काय आणि विणलेले काय, असा निवाडा समीक्षेने केला तर लेखकाला तिचा उपयोग होईल. सरसकट 'कातीव' म्हटल्याने माझ्या खणाचा तेवढा उपयोग झाला.

सध्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ते दीड पान काढून टाकले आहे. त्याच्या जागी अर्धे पान आले. त्यात किसनाचा ठोकळा उडतो आणि तो मुकाट्याने दुसरा लावतो. गेल्या बाजारी हा मजकूर मी म्हातारबांना वाचून दाखविला. ते पोत्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग एक भोवरा उचलून त्याच्या पोटावरून अंगठा फिरवीत म्हणाले, "आता चावते बरुबर. पन गुरुजी, तुमच्या किसनाच्या अंगावर अजून भुसा दिसत नाही."